चौघांची नाममुद्रा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

गाण्याखाली नाव कोणाचं, याला आपल्याकडे मोठं महत्त्व आहे. अभंगाच्या शेवटी संतकवीची नाममुद्रा येते. गझलेच्या मक्त्यात शायर आपलं तखल्लुस गुंफतो. उरुसातल्या कव्वालीच्या फलकावर मुख्य कव्वालाचं नाव ठळक अक्षरांत असतं. मागे बसून टाळ्या देणारे, ओळ उचलून धरणारे हमनवा मात्र ‘आणि पार्टी’ एवढ्या दोन शब्दांत मावून जातात. मी मराठीत कविता लिहितो. कवितेचं काम एकट्याचं, त्यामुळे सहीचा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला एका इंग्लिश रॉक बँडमुळे. त्या बँडचं नाव पिंक फ्लॉइड.

या बँडचे एकूण पंधरा स्टुडिओ अल्बम आहेत. पहिला १९६७ चा, शेवटचा २०१४ चा. बहुतेकांना त्यातले दोन-तीन माहीत असतात. माझं म्हणणं असं, की हे पंधराही अल्बम क्रमानं ऐकावेत आणि ऐकताना प्रत्येक गाण्याखाली कोणाचं नाव छापलंय तेही पाहावं. तसं केलं, की एक गोष्ट उलगडत जाते. चार माणसं मिळून एक आवाज कसा घडवतात आणि तो आवाज कोणाचा, या वादात तो हातून कसा निसटतो, त्याची ही गोष्ट.

ही सवय मला लागली त्याला कारण आहे. कॉलेजच्या दिवसांत वसतिगृहात हे संगीत माझ्यापर्यंत पोचलं ते भरून घेतलेल्या कॅसेटवर. कॅसेटच्या पाठीवर बॉलपेनानं लिहिलेलं बँडचं नाव, बाकी काही नाही. गीतकार कोण, गातंय कोण, काही कळायचं नाही. आठ-दहा वर्षांनी मूळ सीडी हातात आल्या, त्यांच्या पुस्तिकांमध्ये प्रत्येक गाण्याखाली बारीक अक्षरांत नावं होती. आधी नावांशिवाय ऐकलेलं संगीत नावांसकट ऐकताना त्यातले जोड आणि भेगा दिसू लागल्या.

आधी थोडं प्रोग्रेसिव्ह रॉकबद्दल. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या काही तरुण वादकांना तीन मिनिटांचं गाणं अपुरं वाटू लागलं. लाँग प्ले तबकडीच्या एका बाजूवर वीसेक मिनिटांचं संगीत मावायचं. मग ती सगळी बाजू एकाच रचनेला का देऊ नये? पाश्चात्त्य अभिजात संगीत, जॅझ, इलेक्ट्रॉनिक वाद्यं, टेपवर केलेले प्रयोग, असं सगळं त्यांनी रॉकमध्ये आणलं. किंग क्रिमसन, येस, जेनेसिस ही त्या प्रवाहातली मोठी नावं. त्यांच्यातले बरेच जण वादनातल्या करामतीसाठी ओळखले गेले. पिंक फ्लॉइडचे चौघे त्या अर्थानं करामती नव्हते. त्यांचं बळ संथपणात आणि दोन सुरांमध्ये मोकळी जागा सोडण्यात होतं. ख्यालाच्या आलापीची सवय असलेल्या कानाला हा संथपणा परका वाटत नाही.

बँडची सुरुवात १९६५ ची, लंडनमधली. रॉजर वॉटर्स, निक मेसन आणि रिचर्ड राइट हे तिघं तिथल्या पॉलिटेक्निकमध्ये वास्तुशास्त्र शिकत होते. सिड बॅरेट चित्रकलेचा विद्यार्थी. बँडचं नाव त्यानंच ठेवलं, पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन अमेरिकन ब्लूज गायकांची पहिली नावं जोडून. १९६७ च्या ऑगस्टमध्ये ‘द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन’ हा पहिला अल्बम आला. त्याच्या इंग्लिश आवृत्तीतल्या अकरापैकी आठ गाण्यांखाली एकट्या बॅरेटचं नाव आहे. म्हणजे या बँडचा प्रवास सुरू झाला तो एकाच माणसाच्या सहीनं. सायकल, मांजर, बुजगावणं, अंतराळ असे त्याचे विषय. लहान मुलाच्या नजरेचा आणि जरा विस्कटलेला असा तो अल्बम आहे.

पुढच्या काही महिन्यांत बॅरेटचं मन ताळ्यावर राहिलं नाही. एलएसडी या अमली पदार्थाचा त्यात मोठा वाटा होता, असं त्याच्या जवळच्यांनी सांगितलं आहे. मंचावर तो कधी एकच सूर छेडत राहायचा, कधी काहीच वाजवायचा नाही. १९६८ च्या सुरुवातीला डेव्हिड गिलमोर गिटारवर आला आणि काही आठवड्यांतच बॅरेट बाहेर पडला.

आता बँडकडे गीतकार उरला नाही आणि मुख्य गायकही नाही. इथून पुढची चार-पाच वर्षं चाहत्यांनाही अवघड जातात. पुष्कळ जण ती गाळून थेट १९७३ वर उडी मारतात. माझ्या मते सगळी गंमत याच वर्षांत आहे. ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ या १९६८ च्या अल्बममध्ये त्याच नावाची बारा मिनिटांची एक रचना आहे. तिचा आराखडा वॉटर्स आणि मेसन यांनी कागदावर उंच-सखल आकृत्या काढून केला, एखाद्या इमारतीचा नकाशा काढावा तसा. वास्तुशास्त्राचं शिक्षण असं उपयोगी पडलं! त्या रचनेखाली चौघांची नावं आहेत.

१९६९ च्या ‘उमागुमा’मध्ये त्यांनी एक प्रयोग केला. दोन तबकड्यांपैकी एकीवर मैफलींचं ध्वनिमुद्रण आणि दुसरी चौघांत वाटून घेतलेली. ज्यानं त्यानं आपल्या वाट्याचा भाग आपापला करायचा. तो भाग आज ऐकला तर चार होतकरू माणसं चार खोल्यांत बसून झटताहेत असं वाटतं. बँडनंही पुढे त्याचं फारसं कौतुक केलं नाही. पण क्रमानं ऐकणाऱ्याला त्यातून एक गोष्ट लख्ख कळते. चौघांपैकी कोणीही एकटा म्हणजे पिंक फ्लॉइड नव्हे.

१९७० चा ‘ॲटम हार्ट मदर’ इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेला त्यांचा पहिला अल्बम. मुखपृष्ठावर एक गाय आणि आत ब्रास वाद्यं व समूहगान घेतलेली तेवीस मिनिटांची रचना. ती भरदार आहे, पण थोडी ओढूनताणून केल्यासारखी. त्यानंतर १९७१ मध्ये ‘मेडल’ आला. त्याची दुसरी बाजू पूर्ण व्यापणारी ‘इकोज’ ही रचना तेवीस मिनिटांहून मोठी आहे. ती जन्मली कशी, ते ऐकण्यासारखं आहे. हाताशी काहीच नसताना चौघांनी स्टुडिओत सुरांचे सुटे तुकडे जमवले आणि त्यांना नाव दिलं ‘नथिंग’, म्हणजे काहीच नाही. एक ते चोवीस असे त्यांचे क्रमांक. त्यातला एक तुकडा म्हणजे राइटनं पियानोवर छेडलेला एकच सूर. फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढल्यामुळे तो पाण्याखालून आल्यासारखा लागतो. त्या एका थेंबावर पुढची सगळी इमारत उभी राहिली. शब्द वॉटर्सचे, गळे गिलमोर आणि राइट यांचे एकत्र. श्रेयाच्या जागी चारही नावं आहेत आणि ऐकताना ती चारही खरी वाटतात. कोणाचं कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं, ते सांगता येत नाही.

मग १९७३ च्या मार्चमध्ये ‘द डार्क साइड ऑफ द मून’. अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत हा अल्बम १९८८ पर्यंत सातशेहून अधिक आठवडे होता. पण तो आठवा अल्बम आहे, हे विसरलं जातं. तो आकाशातून पडला नाही. स्टुडिओत जाण्याआधीच, १९७२ च्या जानेवारीपासून, ते ही मालिका मैफलींत वाजवत होते, दुरुस्त करत होते. ‘अस अँड देम’ची चाल तर त्याहून जुनी. राइटनं ती अँटोनिओनी यांच्या ‘झॅब्रिस्की पॉइंट’ या सिनेमासाठी केली होती आणि दिग्दर्शकानं ती नाकारली होती.

या अल्बमचे सगळे शब्द वॉटर्सनं लिहिले. वेळ, पैसा, मरण, वेड, माणसामाणसांतलं ‘आपण’ आणि ‘ते’ हे विषय त्यानं साध्या इंग्रजीत मांडले. आजवर बँडकडे ध्वनी होता, आता सांगायला काहीतरी आलं. हे श्रेय वॉटर्सला द्यायलाच हवं. पण ते शब्द तरंगतात कशावर ते पाहा. ‘मनी’ हे गाणं सात मात्रांचं आहे. आपल्या रूपकातही सातच मात्रा. सुरुवातीला नाण्यांचा खणखणाट आणि दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राचा आवाज ठेका धरतो. त्यासाठी टेपचे तुकडे पट्टीनं मोजून कापले, चिकटवले आणि त्यांचं वेटोळं यंत्रावर फिरवत ठेवलं. सॅक्सोफोन सातातच वाजतो. गिलमोरची गिटार सुरू होते तेव्हा ताल चाराचा होतो आणि शब्द परतले की पुन्हा सात. हाताच्या बोटांवर मोजत ऐका, बदल नेमका सापडेल. ‘टाइम’ या गाण्याखाली चौघांची नावं आहेत. चारही नावं असलेलं पिंक फ्लॉइडचं ते शेवटचं गाणं.

याच अल्बममध्ये श्रेयाचा एक निराळा धडा आहे. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ ही राइटची चाल. तिच्यावर शब्द नाहीत, एका स्त्रीचा आवाज आहे. रडणं आणि गाणं यांच्या सीमेवरचा. ती गायिका क्लेअर टोरी. तिला बोलावलं, चाल ऐकवली आणि गा म्हणून सांगितलं. तिनं जागच्या जागी जे रचलं ते आज जगाला पाठ आहे. तिला मिळाले तीस पौंड. २००४ मध्ये ती न्यायालयात गेली, २००५ मध्ये तडजोड झाली आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांवर रचनाकार म्हणून राइटसोबत तिचंही नाव छापलं जातं. आपण जिला सुरावट सुचणं म्हणतो, ती तिच्या गळ्यातून आली होती. हे कागदावर यायला बत्तीस वर्षं लागली.

१९७५ चा ‘विश यू वेअर हिअर’ हा माझा सर्वांत आवडता अल्बम. यश मिळाल्यावर आलेलं रितेपण आणि बॅरेटची आठवण या दोन धाग्यांचं हे विणकाम आहे. ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ या नऊ भागांच्या रचनेचा जन्म गिलमोरच्या गिटारवर सहज आलेल्या चार सुरांतून झाला. वॉटर्सनं त्या चार सुरांत बॅरेटला पाहिलं आणि शब्द लिहिले. शेवटचा नववा भाग एकट्या राइटचा. तो विरत जाताना बॅरेटच्या एका जुन्या गाण्याची पुसट खूण कानावर येते. १९७५ च्या ५ जूनला ॲबी रोडच्या स्टुडिओत याच अल्बमचं काम सुरू असताना एक जाडजूड, डोकं आणि भुवया भादरलेला माणूस आत येऊन बसला. बराच वेळ कोणी ओळखलं नाही. तो सिड बॅरेट होता.

इथपर्यंत नावं मिसळलेली आहेत. १९७७ च्या ‘ॲनिमल्स’पासून यादी बदलते. एकट्या ‘डॉग्ज’ या सतरा मिनिटांच्या रचनेखाली गिलमोर आणि वॉटर्स अशी दोघांची नावं आहेत, बाकी सगळीकडे वॉटर्स. राइट आणि मेसन यादीतून गायब. त्यात पैशाचा एक चमत्कारिक हिशेब दडलेला आहे. मानधन गाण्यांच्या संख्येवर ठरायचं, लांबीवर नाही. ‘पिग्ज ऑन द विंग’ या दीड-दीड मिनिटांच्या दोन तुकड्यांची दोन गाणी मोजली गेली आणि तबकडीची एक बाजू जवळपास व्यापणारं ‘डॉग्ज’ एकच. अल्बम उत्तम आहे, धारदार आहे. पण सुरांमधली मोकळी जागा कमी झाल्याचं कानाला जाणवतं.

१९७९ चा ‘द वॉल’ ही वॉटर्सची कथा. त्याचे वडील १९४४ मध्ये इटलीत अँझिओच्या लढाईत मारले गेले. तेव्हा तो काही महिन्यांचा होता. बाप नसलेला मुलगा, दरडावणारे शिक्षक, मोठेपणी येणारी प्रसिद्धी, या एकेक विटेनं माणूस आपल्याभोवती भिंत बांधत जातो, अशी ती गोष्ट. दोन तबकड्यांवरच्या सव्वीस गाण्यांपैकी तीन गाण्यांत गिलमोरचं नाव आहे. त्यातलं एक ‘कम्फर्टेबली नम्ब’. शब्द वॉटर्सचे, सूर मुख्यतः गिलमोरचे. अल्बममधलं सर्वांत लख्ख गाणं हे दोन नावांचं असावं, याला मी योगायोग मानत नाही. याच सुमारास राइटला बँडमधून जायला लागलं. नंतरच्या मैफलींत तो पगारी वादक म्हणून वाजवत होता. त्या मैफलींचा खर्च इतका प्रचंड होता, की मालक असलेले तिघं तोट्यात गेले आणि पैसे मिळाले ते पगारावर असलेल्या राइटला!

१९८३ च्या ‘द फायनल कट’च्या वेष्टणावर रचना रॉजर वॉटर्सची आणि सादरीकरण पिंक फ्लॉइडचं, असं सरळ छापलं होतं. राइट नाही, गिलमोर एका गाण्यापुरता मुख्य गायक. १९८२ च्या फॉकलंड युद्धानं अस्वस्थ झालेल्या आणि युद्धात बाप गमावलेल्या मुलाचं ते कडवट, प्रामाणिक निवेदन आहे. कवी म्हणून मला ते वाचावंसं वाटतं. ऐकताना मात्र श्वास घ्यायला जागा सापडत नाही. हमनवा गप्प झाले की कव्वालाचा गळा कितीही मोठा असो, बैठक सुनी वाटते.

१९८५ मध्ये वॉटर्स बाहेर पडला. त्याच्या मते बँड संपला होता. गिलमोर आणि मेसन यांना ते मान्य नव्हतं. पिंक फ्लॉइड हे नाव वापरायचं कोणी, यावरून प्रकरण न्यायालयात गेलं आणि १९८७ च्या डिसेंबरमध्ये तडजोड झाली. नाव गिलमोर आणि मेसनकडे राहिलं. ‘द वॉल’च्या मैफलींचा हक्क वॉटर्सकडे. १९८७ च्या ‘अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन’मध्ये सूर ओळखीचे आहेत, पण सांगायचं काय आहे ते कळत नाही. वॉटर्सशिवायचा पिंक फ्लॉइड आणि पिंक फ्लॉइडशिवायचा वॉटर्स, दोघंही एकेका पायावर उभे होते. २००७ मध्ये वॉटर्स मुंबईत आला तेव्हा त्यानं ‘डार्क साइड’ पूर्ण सादर केला. जाहिरातींवर नाव त्याच्या एकट्याचं होतं. आपल्याकडच्या श्रोत्यांना मिळाली ती त्या दोन अर्ध्यांपैकी एका अर्ध्याची मैफल.

१९९४ च्या ‘द डिव्हिजन बेल’मध्ये राइटचं नाव पुन्हा पाच गाण्यांखाली दिसतं. बरेचसे शब्द पॉली सॅमसन यांचे. विषय संवादाचा, किंवा तो तुटण्याचा. २००५ च्या २ जुलैला लंडनच्या हाइड पार्कमध्ये चौघं चोवीस वर्षांनी एकत्र उभे राहिले, चार गाण्यांपुरते. पुढच्या जुलैत बॅरेट गेला. २००८ मध्ये राइट गेला. आणि २०१४ मध्ये ‘दि एंडलेस रिव्हर’ आला, १९९३ च्या बैठकांतल्या राइटच्या उरलेल्या वादनाभोवती बांधलेला, जवळजवळ शब्दहीन. तो मोठा अल्बम नाही. पण यादीत राइटचं नाव पुन:पुन्हा येतं. मागे बसलेल्या माणसाला सोबत्यांनी अखेर समोर बसवलं, एवढ्यासाठी तरी तो ऐकावा. २०२४ मध्ये बँडच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क सोनी कंपनीनं घेतले. सुमारे चाळीस कोटी डॉलरला, अशा बातम्या होत्या. कागदावरचा मालक आता बँडच्या बाहेरचा आहे.

ज्यांना ऐकायला सुरुवात करायची आहे, त्यांना क्रम सुचवतो. पहिल्यांदा ‘इकोज’, रात्री, दिवे मंद करून. मग ‘डार्क साइड’ आणि ‘विश यू वेअर हिअर’, दोन्ही मधे न थांबता, कारण त्यांतली गाणी एकमेकांत मिसळत जातात. त्यानंतर मागे जाऊन पहिला अल्बम ऐका, म्हणजे ‘शाइन ऑन’ कोणासाठी आहे ते कळेल. मग ‘ॲनिमल्स’ आणि ‘द वॉल’. आवड लागली तर अखेरीस पंधराही, ओळीनं. पहिल्या वेळी नावांकडे पाहू नका. दुसऱ्या वेळी यादी समोर ठेवा आणि एक नाव शोधा, रिचर्ड राइट. ते जिथे आहे तिथे सुरांमध्ये किती मोकळी जागा आहे आणि जिथे नाही तिथे किती, ते आपल्या कानांनी ठरवा.